गाझावर वादविवाद ठेवला तर कॉलेज पेटतं का?

टिळकवाडीचा_मास्तर
नमस्कार मंडळी. बेळगावातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, वादविवाद मंडळ माझ्या गळ्यात आहे. यंदा पोरांनीच विषय सुचवला: 'परदेशातील युद्धावर विद्यापीठांनी जाहीर भूमिका घ्यावी.' डोक्यात अर्थातच गाझा आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांमधले आंदोलनाचे तंबू. मला विषय आवडला. रीतसर पत्र लिहून ऑफिसात दिलं. तिसऱ्या दिवशी पत्र परत आलं, कोपऱ्यात लाल शाईत शेरा: 'विषय बदलावा. पर्यावरण चालेल.' खाली सही नाही, नुसती आद्याक्षरं.

इथपर्यंत मला नवल नाही. पण पोरांतच दोन तट पडले. एक गट म्हणतो, बागेत घेऊ, परवानगी मागतोय कोण. दुसरा म्हणतो, गाझाचं काय घेऊन बसलात सर, आपल्या स्वतःच्या प्रश्नावर इथं तोंड उघडायची चोरी आणि जगाची उठाठेव कशाला.

तर प्रश्न असा. सीमाभागातल्या कॉलेजात जगाच्या राजकारणावर वाद घालण्यात हशील आहे का? तुमच्या वेळी काय होतं? आणि प्राचार्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, हेही प्रामाणिकपणे सांगा.

कुंदाप्रेमी
मी पहिला! पावशेर कुंदा घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

येळ्ळूरकर
सर, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दुसऱ्या गटाचं बरोबर आहे. आमच्या वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक २०१४ च्या जुलैत काढला, त्यावेळी गावानं लाठ्या खाल्ल्या. तेव्हा कुठल्या विद्यापीठानं तंबू ठोकले? १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत कॉलेजची पोरं किती असतात ते जाऊन बघा. फेरीला गेलं की गुन्हा दाखल होईल, मग पासपोर्टच्या वेळी अडेल, म्हणून आईबापच सोडत नाहीत. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. ८६५ गावांची मागणी आहे. ती कुठली हे तुमच्या वादविवाद मंडळातल्या किती जणांना सांगता येईल? आधी घरचं झालं थोडं.

निपाणीची_सई
'आधी हे, मग ते' असं कुणी ठरवलं हो? माणूस एका वेळी एकाच अन्यायावर बोलू शकतो असा काही नियम आहे का?

मी निपाणीची. आमच्याकडं १९८१ चं तंबाखू आंदोलन अजून सांगतात. शरद जोशी आले होते, शेतकरी हायवेवर बैलगाड्या लावून बसले होते, शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. माझे आजोबा त्यात होते. ते सांगायचे, रस्त्यावर शेजारी बसलेला कन्नड बोलतोय की मराठी हे तेव्हा कुणी विचारलं नाही, तंबाखूचा भाव काय मिळतोय एवढंच विचारलं. आणि त्या सगळ्यात कॉलेजचे प्राध्यापक पुढं होते. प्रा. सुभाष जोशींचं नाव निपाणीत आजही घेतात. म्हणजे कॉलेज आणि बाहेरचं जग यात भिंत असायलाच हवी असं काही आपल्या भागात नव्हतं. ती नंतर बांधली.

हडसनपलीकडे
मूळचा शहापूरचा, आता न्यू जर्सीत. तंबूंचा उल्लेख आला म्हणून थोडं.

कोलंबिया विद्यापीठात १७ एप्रिल २०२४ ला विद्यार्थ्यांनी हिरवळीवर तंबू ठोकले. ३० एप्रिलच्या रात्री पोलिसांनी हॅमिल्टन हॉल रिकामा केला. हीच इमारत विद्यार्थ्यांनी १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाशी विद्यापीठाचा संबंध आणि हार्लेमच्या कडेच्या बागेत बांधायची व्यायामशाळा, या दोन कारणांसाठी ताब्यात घेतली होती. तेव्हाही पोलीस शिरले ते ३० एप्रिललाच! १९८५ मध्ये त्याच इमारतीच्या दारात पोरं बसली ती दक्षिण आफ्रिकेत पैसे गुंतवू नका म्हणून, आणि त्याच वर्षी विद्यापीठानं ते मान्य केलं.

म्हणजे १९६८ ला व्हिएतनामसोबत शेजारच्या वस्तीतली व्यायामशाळा होतीच. येळ्ळूरकर, तुम्ही म्हणता ते घरचं आणि बाहेरचं तिथं एकाच फलकावर होतं.

आणि खरं सांगायचं तर तिथंही सगळे एका मताचे नव्हते. तंबूंमुळं आपल्याला वर्गात जायची भीती वाटते असं म्हणणारे ज्यू विद्यार्थी होते, आणि तंबूत बसलेलेही ज्यू विद्यार्थी होते. इकडच्या बातम्यांत हे दुसरं फारसं आलं नाही.

रामदेव_गल्ली
तंबू ठोकायचे तर बेळगावच्या पावसात? जूनमध्ये हिरवळीवर बसले तर दसऱ्यालाच उठतील, तेही शेवाळासकट.

शहापूरचा_मागवाला
दुसरी बाजू मांडतो, कुणीतरी मांडायला हवी.

माझी मुलगी २०२२ मध्ये पीयूला (म्हणजे अकरावी-बारावीला) होती. हिजाबवरून जे पेटलं ते उडुपीत, पण कॉलेजं बंद राहिली ती राज्यभर. गेटवर एकीकडं भगवी उपरणी, दुसरीकडं बुरखे, मध्ये पोलीस. १५ मार्चला उच्च न्यायालयाचा निकाल आला, सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांचंच एकमत झालं नाही, आणि माझ्या पोरीच्या वर्गातल्या दोन मुली कॉलेज सोडून घरी बसल्या त्या बसल्याच. त्या मुलींचं नाव आता कुणी काढत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात हिरेबागेवाडीच्या नाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगड पडले, एसट्या बंद झाल्या. अशा गावात गाझावर सभा म्हणजे प्राचार्यांना दिसतं काय? एक पोरगा घोषणा देणार, दुसरा मोबाईलवर काढणार, तिसरा तोडून-मोडून व्हायरल करणार, संध्याकाळी गेटवर शंभर जण. मास्तर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, मी प्राचार्य असतो तर मीही पर्यावरणच लिहिलं असतं. फक्त पूर्ण सही केली असती.

टिळकवाडीचा_मास्तर
मागवाले, सहीचा मुद्दा मनापासून आवडला :)

कॅन्टोन्मेंटचा_कट्टा
गाझा बेळगावपासून लांब, असं सगळे गृहीत धरून चाललेत. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात आहे. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी इराकात होत्या, कुतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या, २९ एप्रिल १९१६ ला कुत पडलं आणि जे जिवंत होते ते तुर्कांच्या कैदेत गेले. आता गंमत बघा. त्याच एप्रिल महिन्यात टिळक बेळगावात होते आणि इथंच होमरूल लीगची स्थापना होत होती. एका बाजूला साम्राज्याला स्वराज्य मागणारी सभा आणि दुसऱ्या बाजूला त्याच साम्राज्यासाठी वाळवंटात मरणारी आपली माणसं. त्या सभेत कुणी उठून इराकचं काय म्हणून विचारलं असतं, तर ते 'बाहेरचं' झालं असतं का?

डिसेंबर १९२४ चं गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं काँग्रेस अधिवेशनही इथलंच. काँग्रेस विहिरीवरून रोज जातो आपण. जगाचं राजकारण या गावात नवीन नाही, पोरांना ते कुणी सांगत नाही एवढंच.

कुंदाप्रेमी
अधिवेशनाला कुंदा होता का?

खानापूर_मलप्रभा
निवृत्त शिक्षक आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

१९८६ ला मी बेळगावात बी.ए. करत होतो. कन्नड सक्तीविरोधी आंदोलन पेटलं ते वर्ष. महाराष्ट्रातनं नेते यायचे, त्यांना हद्दीवर अडवायचे, छगन भुजबळ तर वेष बदलून शिरले होते. जूनमध्ये गोळीबार झाला. हिंडलग्याचं हुतात्मा स्मारक त्याचंच. आम्ही हॉस्टेलवर राहायचो. मेसमधल्या आचाऱ्याला दोन रुपये देऊन मैदा घ्यायचा, पत्र्याच्या डब्यात खळ शिजवायची, त्यात किंचित मोरचूद टाकायचा म्हणजे झुरळं लागत नाहीत, आणि रात्री दीडनंतर भित्तीपत्रकं चिकटवायची. खळ गरम असतानाच लावावी लागते, गार झाली की कागद सकाळी खाली. माझ्या डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा डाग अजून आहे.

पण मास्तरांचा प्रश्न वादविवादाचा आहे, म्हणून मुद्द्यावर येतो. त्याच दोन वर्षांत आमच्या वक्तृत्व स्पर्धांत सगळ्यात गाजलेला विषय होता दक्षिण आफ्रिकेतला वर्णद्वेष. मंडेला तुरुंगात होते. भारतानं १९४६ लाच त्या देशाशी व्यापार तोडलेला, त्यामुळं विषय सरकारमान्य. आम्ही बोलायचो मंडेलांवर, की माणसाला त्याच्याच गावात परकं कसं करतात, त्याच्यावर दुसऱ्याची भाषा कशी लादतात. सोवेटोची पोरं १९७६ ला उठली तीही आफ्रिकान्स भाषेच्या सक्तीविरुद्ध. हे वाक्य आलं की सभागृहात टाळ्यांचा कडकडाट. टाळ्या कशाला आहेत हे परीक्षकांना कळायचं, पहिल्या रांगेत बसलेल्या साध्या वेशातल्या पोलिसालाही कळायचं. पण पकडणार कशावरून?

तर दूरच्या विषयावर बोलायची मुभा होती म्हणून आम्हाला जवळचं बोलता आलं. आता दूरचाही विषय नको म्हणतात. यात मला काळजी वाटते ती गाझाची कमी आणि बेळगावची जास्त.

त्यानंतर दोन-तीन वर्षांत कर्नाटकात कॉलेजच्या थेट निवडणुकाच बंद झाल्या. मारामाऱ्या होत होत्या हे खरं. पण मग मार्कांवर वर्गप्रतिनिधी नेमायला लागले आणि पोरांना भांडायचं कसं हे शिकायची जागाच गेली.

येळ्ळूरकर
काका, साष्टांग नमस्कार. सोवेटोचं मला माहीत नव्हतं.

शहापूरचा_मागवाला
काकांनी माझाच मुद्दा सिद्ध केला की! दूरच्या विषयाच्या आडून जवळचं बोलतात, म्हणूनच तर प्राचार्य घाबरतात. आता त्यांना तुमची युक्ती ठाऊक आहे, कारण तेव्हा तुमच्याबरोबर खळ लावणारेच आज प्राचार्य आहेत.

खानापूर_मलप्रभा
हे मात्र अगदी खरं. दोन-तीन नावं डोळ्यांपुढं आली. घेत नाही.

धारवाडी_पेढा
माझी घरची भाषा कन्नड. मराठी बेळगावात शिकलो, चुका दुरुस्त करून वाचा. काकांचं लिखाण मनापासून आवडलं. तरी एक विचारू का? तुम्ही सोवेटोवर टाळ्या वाजवत होता तेव्हा सभागृहात माझ्यासारखी कन्नड पोरं पण होती ना? त्यांना काय वाटत होतं हे कुणी विचारलं? आम्हाला घरी वेगळी गोष्ट सांगतात. मुंबई इलाख्यात कन्नड मागं पडली होती, धारवाडचे लोक एकीकरणासाठी लढले, म्हणून १ नोव्हेंबर आमच्याकडं सण. तुमच्या फेरीचा काळा झेंडा आणि आमचा हळदी-कुंकवाचा झेंडा एकाच दिवशी एकाच रस्त्यावर. मध्ये पोलीस. दोघांनी एका स्टेजवर बसून कधी वाद घातलाय का? मी तरी बघितला नाही.

माझं मत, गाझावर नक्की घ्या. तिथं आपण दोघंही तिऱ्हाईत आहोत, निदान एकमेकांचं ऐकून तरी घेऊ.

निपाणीची_सई
पेढा, तुमचं मराठी आमच्या अर्ध्या सभासदांपेक्षा शुद्ध आहे.

कडोलीचा_कणगीवाला
ते सगळं ठीक, पण हा कार्यक्रम व्हायचा कुठल्या भाषेत? मराठीत घेतला तर एक संघटना येणार, कन्नडमध्ये घेतला तर दुसरी, इंग्रजीत घेतला तर कुणीच येणार नाही.

रामदेव_गल्ली
इंग्रजीतच घ्या. शांतता राखण्याचा तोच खात्रीचा उपाय.

ठळक_मत
एवढं सगळं लिहिलंत पण ७ ऑक्टोबरला काय झालं ते कुणी लिहिलं नाही. मास्तर, तुम्ही नक्की कुठल्या बाजूचे ते आधी जाहीर करा.

टिळकवाडीचा_मास्तर
७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचं युद्ध, दोन्ही बोलल्याशिवाय या विषयावर वाद होऊच शकत नाही. कुणी लपवत नाहीये. माझी बाजू विचारलीत तर आमच्याकडची पद्धत सांगतो. बाजू चिठ्ठी टाकून ठरते, स्टेजवर चढायच्या आठ दिवस आधी. गेल्या वर्षी कट्टर शाकाहारी पोरगी मांसाहाराच्या बाजूनं बोलून पहिली आली, घरी आठवडाभर अबोला होता. मोर्च्यात आपली बाजू घेऊन जायचं असतं. इथं चिठ्ठीत येईल ती. हा फरक ऑफिसात समजावता आला नाही, तिथं दोन्हीला 'गडबड' असा एकच शब्द आहे.

दिवाणी_फौजदारी
वकील आहे, फुकट सल्ला. एक, आद्याक्षरांचा शेरा म्हणजे नकार नव्हे. लेखी कारण मागा. कारण लिहायची वेळ आली की निम्मे नकार विरघळतात. दोन, तुमचा विषय नीट वाचा. त्यात गाझा कुठंच नाही, विद्यापीठांनी भूमिका घ्यावी का, एवढंच आहे. हा वाद जुना आहे. शिकागो विद्यापीठाच्या कॅल्व्हन समितीनं १९६७ मध्येच म्हटलं होतं की संस्थेनं तटस्थ राहावं, मतं विद्यार्थ्यांची आणि प्राध्यापकांची असावीत. म्हणजे तुमच्या प्राचार्यांना अगदी सोयीची बाजू विषयातच आहे! त्यांनाच उद्घाटनाला बोलवा आणि तटस्थतेवर बोलायला लावा.

मांजरी_ते_दिमोना
थोडं अवांतर. माझी आत्या अलिबागकडची, तिच्या शेजारी बेने इस्रायल कुटुंब होतं. ते कधीच इस्रायलला गेलं, दिमोनात राहतं, घरात अजून मराठी. युद्ध सुरू झालं तेव्हा आत्यानं फोन लावला, तिकडनं म्हातारी म्हणाली, 'सायरन झाला की जिन्याखाली जातो गं, गुडघे दुखतात.' त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतला आखातात नोकरी करणारा पोरगा सुट्टीवर आला होता, त्याच्या खोलीतला साथीदार गाझाचा, त्याचं अख्खं घर गेलेलं. दोन्ही गोष्टी मी एकाच ओट्यावर ऐकल्या. मला बाजू घेता आली नाही. कुणाला भ्याडपणा वाटला तर वाटू दे.

ठळक_मत
भ्याडपणा नाही म्हणणार. पण मत हवं.

संपादक_मंडळ
धागा चांगला चाललाय. कुंद्याच्या दुकानांवरचे सात प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कॅम्प विरुद्ध शहापूर हा वाद तिथं घालावा.

कुंदाप्रेमी
हीच ती मुस्कटदाबी.

बी_कॉम_लास्ट_इयर
मी हितं सगळ्यात ल्हान असेन. सगळे आमच्याबद्दल बोलाल्यात, आम्हाला कोण विचारेना.

मी सरांच्याच मंडळात आहे. आम्ही जगाचं बोलतोच की. हॉस्टेलवर रात्री दुसरं काय असतं? बांगलादेशात ऑगस्ट २०२४ ला पोरांनी शेख हसीनांना पळवलं, तेव्हा आमच्या मजल्यावर भांडण झालं, एक म्हणाला लोकशाही, एक म्हणाला बघ आता हिंदूंचं काय होतंय. सप्टेंबर २०२५ ला नेपाळात सोशल मीडिया बंद केल्यावर पोरं रस्त्यावर आली, दोन दिवसांत पंतप्रधान ओलींचा राजीनामा, त्यावरनं परत तेच. युक्रेनच्या युद्धात हावेरीचा मेडिकलचा पोरगा खारकीवला मारला गेला, तवा माझ्या चुलत भावाचं तिकडचं ॲडमिशन पप्पांनी रद्द केलं. म्हणजे बाहेरच्या जगानं आमच्या घरात येऊन ठरवलं की कोण काय शिकणार.

पण बोलायचं कुठं? मी नेपाळवर नुसती एक स्टोरी टाकलो, दोन तासात काकाचा फोन, 'काढ ती, नोकरीला अर्ज करायचाय नव्हं?' काढलो. वॉट्सॲपवर बोललं की स्क्रीनशॉट जातोय. समोरासमोर, टायमर लावून, घंटी वाजवून बोलायची एकच जागा हाय ती सरांचं मंडळ. तिथंही पर्यावरण म्हटलं तर मग आम्ही प्लास्टिकवर बोलून बक्षीस घेऊन घरी जातो. ते गेली तीन वर्षं करालोय.

येळ्ळूरकर दादा, सीमाप्रश्नावर पण घ्या म्हणतोय मी. पण बाजू चिठ्ठीनं. चालेल?

येळ्ळूरकर
चिठ्ठीनं? म्हणजे आमच्या पोराला 'बेळगाव कर्नाटकातच राहावं' अशी आली तर?

बी_कॉम_लास्ट_इयर
व्हय. आणि पेढा सरांच्या पोराला उलटी.

येळ्ळूरकर
नाही जमणार. आमच्याकडं १७ जानेवारीला हुतात्म्यांना हार घालतात, १९५६ च्या सीमालढ्यातले. त्यांच्या घरची माणसं अजून गावात आहेत. त्यांच्यासमोर चिठ्ठीत आलं म्हणून मी काहीही बोलू शकत नाही. गाझावर घाला खुशाल, मी ऐकायला येतो.

खानापूर_मलप्रभा
येळ्ळूरकरांचं मला समजतं. नाथ पै १९७१ च्या १७ जानेवारीला इथं बोलले आणि दुसऱ्या दिवशी बेळगावातच गेले. लोकसभेत परराष्ट्र धोरणावर बोलायला उभे राहिले की सभागृह ऐकायचं, आणि हाच माणूस सीमाप्रश्नासाठी हुतात्मा दिनाला हजर. पण तेही चिठ्ठी काढून बोलले नसते.

हडसनपलीकडे
म्हणजे गाझावाल्यांनीही आमच्या दुःखावर चिठ्ठ्या टाकू नका असं म्हटलं तर?

येळ्ळूरकर
...विचार करावा लागेल.

टिळकवाडीचा_मास्तर
ताजी खबर. वकीलसाहेबांच्या सल्ल्यानं लेखी कारण मागितलं, प्राचार्यांनी बोलावून घेतलं. चहा पाजला. कॅल्व्हनचं सांगितल्यावर डोळे चमकले, उद्घाटनाला यायचं कबूल केलं. कार्यक्रम होतोय, पुढच्या शनिवारी, सभागृहात, फोन बाहेर ठेवून. मराठी, कन्नड, इंग्रजी, ज्याला जी येते ती.

एकच अट आहे. भाषणात कुठल्याही देशाचं, शहराचं, नेत्याचं किंवा संघटनेचं नाव घ्यायचं नाही.

रामदेव_गल्ली
😂😂 'अ' देशानं 'ब' देशावर टाकलेला 'क'.

शहापूरचा_मागवाला
हसू नका, मिळालं ते घ्या. मी येतो मुलीला घेऊन.

धारवाडी_पेढा
कन्नडमध्ये एक परीक्षक लागत असेल तर मी मोकळा आहे.

बी_कॉम_लास्ट_इयर
चिठ्ठी निघाली. मला विरोधी बाजू, म्हणजे विद्यापीठांनी गप्प बसावं. कपाळ! भारताची भूमिका कशी बदलत गेली ते कुणी थोडक्यात सांगेल काय? देशाचीच भूमिका बदलते तर विद्यापीठानं कुठली धरायची, असा मुद्दा करणार आहे.

दिवाणी_फौजदारी
छान मुद्दा. घे लिहून. १९४७ ला संयुक्त राष्ट्रांत पॅलेस्टाईनच्या फाळणीविरुद्ध मत. १९५० ला इस्रायलला मान्यता, पण दूतावास नाहीत. १९७४ ला पीएलओला, म्हणजे पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला, मान्यता. १९८८ ला पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता. १९९२ ला इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध. एवढ्यावर चार मिनिटं सहज जातील.

बी_कॉम_लास्ट_इयर
थँक्यू काका. पण ह्यातलं एकपण नाव न घेता कसं सांगू?